सासुरवाडीचं तळं

खुशालराव खोब्रागडे यांचा हेवा निर्मळ होता. त्यात कपट नव्हतं, कुणाचं वाईट चिंतणं नव्हतं. दुसऱ्याकडे काही आहे आणि आपल्याकडे ते नाही, एवढंच त्यांना सहन होत नसे. शेजाऱ्याच्या पपईला फळं जास्त धरली की यांचं जेवण कमी होई. ऑफिसातल्या एकाची गडचिरोलीला बदली झाली तेव्हा आम्ही सगळे त्याचं सांत्वन करत होतो, आणि खुशालराव मात्र तोंड पाडून म्हणाले, "वैनगंगेची ताजी मासोळी खाईल आता लेकाचा."

चंद्रपूरच्या वनखात्याच्या नकाशा शाखेत ते आरेखक होते. समोरच्या टेबलावर दुसरे आरेखक, कमरुद्दीन शेख. दोघं गेली कित्येक वर्षं समोरासमोर बसून जंगलाचे नकाशे रंगवत होते. सागवान गडद हिरवं, बांबू पोपटी, तलाव निळे. दुपारी डबे एकत्र सुटत, आणि खुशालराव आधी कमरुद्दीनचा डबा उघडून बघत. आपल्यापेक्षा चांगलं काही निघालं तर ते खाऊन टाकत. हेव्यावर त्यांना सापडलेला तेवढा एकच इलाज होता.

एकोणनव्वद साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. खुशालरावांना कॉम्प्युटरचं काही वाटलं नाही. त्याच्यासोबत जे आलं त्याने ते घायाळ झाले. यंत्राला उष्मा सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला एअर कंडिशनर बसला. आम्हाला छताचे पंखे, साहेबांना वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि यंत्राला एअर कंडिशनर. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. खुशालराव तीन दिवस त्या बंद दाराकडे असे बघत होते, जणू आत त्यांच्या वाटणीचं शेत कुणी नांगरत आहे.

काम असं होतं. उपग्रहाने वरून काढलेलं जिल्ह्याचं चित्र यंत्राला द्यायचं आणि त्यातलं जंगल, शेत, पाणी वेगळं करून घ्यायचं. त्यासाठी नागपूरहून दोन सॉफ्टवेअर परीक्षेला आली होती. एकाला आधी नमुने दाखवून शिकवावं लागे, हे सागवान, हे पाणी, हा बांबू. मग ते उरलेलं चित्र त्या नमुन्यांवरून ओळखत जाई. दुसरं कुणाचं ऐकत नसे. दिसायला सारखे ठिपके ते आपणच एका गटात घाली, माणसाने गटांना फक्त नावं द्यायची. साहेबांनी शिकवायचं सॉफ्टवेअर खुशालरावांना दिलं, आपल्या मनाने चालणारं कमरुद्दीनला. ज्याचं सॉफ्टवेअर पसंत पडेल तो कायमचा त्या थंड खोलीत बसणार, हे साहेब बोलले नव्हते. पण शिपायापासून सगळे ते धरूनच चालले होते, आणि खुशालरावांनी तर मनाने खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली होती.

कमरुद्दीनचा नकाशा आधी तयार झाला. गेल्या एप्रिलचं चित्र होतं. त्यात जुन्या नकाशात नसलेले कितीतरी निळे ठिपके उमटले. आपला मुलूखच तलावांचा. साहेब खूश झाले, म्हणाले, जुन्या मोजणीत सुटले असतील. खुशालराव चष्मा सरसावून वाकले आणि त्यांच्या काळजात कळ आली. मार्कंड्याच्या अलीकडे, त्यांच्या सासुरवाडीला लागून, एक मोठं निळं तळं. वीस वर्षं झाली जावई होऊन, त्यांना हे तळं ठाऊक नाही, आणि कमरुद्दीनने ते इथे बसून शोधलं.

रोजगार हमीवर नवीन खोदलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी घरी जाऊन बायकोवर घसरले.

"तुह्या गावात तळं खोदलं, अन् मले सांगाले कोणाची जीभ वळली नाई?"

मीराबाई भाकरी थापत होत्या. "मले तं कोणी बोललं नाई. पन तुमी तरी आमच्या गावाचं कधी इचारता?"

दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी यंत्राला पाण्याचा नमुना म्हणून नेमकं सासुरवाडीचं तळं दाखवलं. कमरुद्दीनकडे तलाव आहेत, तर आपल्याकडे त्याहून जास्त हवेत. सॉफ्टवेअर आज्ञाधारक निघालं. त्यांच्या नकाशात इतके तलाव उगवले की जंगल पाण्यात बुडेल की काय असं वाटावं. खुशालराव त्या आठवड्यात कमरुद्दीनचा डबा न उघडता जेवले.

साहेबांनी नवीन तलाव प्रत्यक्ष बघायचं ठरवलं, आणि सुरुवात सगळ्यात मोठ्यापासून केली. जीपमध्ये पुढे साहेब, मागे दोघं आरेखक आणि मी. सासुरवाडी जवळ आली तशी खुशालरावांनी टोपी नीट केली.

तिथे मोहाची दाट झाडी होती आणि खालची सगळी जमीन काळीभोर जळलेली. एक म्हातारी टोपलीत मोहफुलं वेचत होती. ती खुशालरावांची सासू, बायनाबाई. साहेबांनी तिला तळं कुठे आहे विचारलं.

"तळं? इथी कुठी तळं, साहेब? फुलं येचाले पालापाचोळा जाळतो आमी. दरसाल जाळतो." मग तिला जावई दिसले. "जावईबापूले आंघोळ कराची हाय का? हिरीवर चला, गडी पाणी काढून देईल."

साहेब हसले नाहीत, त्यामुळे आम्हालाही हसता येईना. राख आणि पाणी वरून सारखंच काळं दिसतं, हे आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण खुशालरावांना गप्प राहवलं नाही. त्यांनी कमरुद्दीनकडे बोट केलं.

"पयले याच्याच नकाशात होतं, साहेब. मी तं याचं पाहून घेतलं."

कमरुद्दीन आपल्या बुटांवरची राख बघत राहिला.

परत आल्यावर साहेबांनी खुशालरावांना राखेचा नमुना वेगळा द्यायला लावला. खोटे तलाव भराभर पुसले गेले, खरे राहिले. कमरुद्दीनच्या सॉफ्टवेअरने मात्र राख आणि पाणी एकाच गटात घातलं होतं, आणि त्याची समजूत घालायची काही सोय नव्हती. साहेबांनी निकाल दिला, शिकवायचं सॉफ्टवेअर घ्यायचं. खुशालरावांची छाती शर्टाच्या गुंड्यांना जड झाली.

"पण शिकवायला कमरुद्दीन बसतील," साहेब पुढे म्हणाले. "दुसऱ्याचं पाहून नमुना देणार नाही असा माणूस तिथे हवा."

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला. थंड खोलीतून कमरुद्दीन अधूनमधून बाहेर येई, अंगात त्याच्या बायकोने, सुलतानाभाभींनी, विणलेला तपकिरी स्वेटर. जंगलाचा एखादा तुकडा ओळखायचा असला की तो खुशालरावांनाच हाक मारी, आणि हे आत गारव्यात जितका वेळ लावता येईल तितका लावून तो तुकडा ओळखून देत. तेही एकवेळ त्यांनी पचवलं असतं. पण एका दुपारी कमरुद्दीन शिंकला. लागोपाठ तीनदा, रुमाल लावून, नाक लाल करून. आम्ही सगळे घामाने निथळत होतो, आणि या माणसाला सर्दी झाली होती.

खुशालराव उठले, सायकल काढली आणि घरी गेले. मीराबाई दारात पंख्याने वारा घेत बसल्या होत्या.

"तपकिरी लोकर कुठी भेटते?" त्यांनी विचारलं. "मले बी एक स्वेटर विणून दे."