आईने एक चाक धुतलं नाही

आज सकाळी आई गेली.

आणि मला दिवसभर फक्त तिच्या नखांतलं काळं आठवतंय.

सांगते.

ऐंशीच्या दशकातली वाशी. रस्ते रुंद, माणसं कमी, अर्ध्या बिल्डिंगींना अजून रंगसुद्धा लागलेला नाही. आमचा तळमजल्याचा फ्लॅट. खिडकीसमोर कंपाउंडमध्ये बाबांची सेकंडहँड गाडी.

आख्ख्या विंगमध्ये तेव्हा ती एकच गाडी. बाबांचा तोरा काय विचारता!

बाबा तुर्भ्याला कारखान्यात सुपरवायझर होते. एक दिवस ड्युटीवरच पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

आईने त्यांची खाट खिडकीशी लावली. गाडीवर ताडपत्री होती. खाटेवरून त्यांना दिसायचं फक्त पुढचं एक चाक, ताडपत्रीच्या खाली.

बाबा तासन् तास त्या चाकाकडे बघायचे.

"दसऱ्याला... मी... चालवणार."

डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हे आता स्वतःच्या पायावरसुद्धा उभे राहणार नाहीत. आईने ते मला सांगितलं. त्यांना नाही.

गाडी वर्षभर जागची हलली नाही. खाडीचा खारा वारा, कारखान्यांची धूळ, त्यात पावसाळ्याचा चिखल. चाकांचा पार अवतार झाला होता.

पगार बंद झाला होता. आईने गुपचूप गाडीला गिऱ्हाईक बघितलं. पुढच्या सेक्टरमधले एक गृहस्थ. त्यांचा निरोप आला, "रविवारी येतो. चाकं बघितली की कळतं गाडी कशी ठेवलीय ते."

झालं. आईने पदर खोचला.

आता चाकांसाठी वेगळा स्प्रे मिळतो, वेगळा ब्रश मिळतो. तेव्हा जे काही होतं ते आमच्या मोरीत आणि स्वयंपाकघरात.

आधी नुसतं पाणी मारलं. मळ जास्तच पसरला. मग रॉकेलच्या चिंध्या. त्याने ग्रीस आणि डांबर सुटलं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि नारळाची शेंडी. मी कॉलेज बुडवून बादल्या भरत होते.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी संडासचं ॲसिड आणून दिलं. "एका मिनिटात साफ होईल बघ."

आईने चाकाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघितला. तिथला रंग फसफसून वर आला. आईने बाटली तशीच परत केली.

गंज काही हटेना. बोनकोड्याहून भाजी घेऊन येणारी हिराबाय टोपली उतरवून आमची मजा बघत होती.

"गंज हाय तो बाय, रॉकेलनं नाय जायाचा. चिच घास, चिच."

चिंचेचा कोळ लावून ठेवला, घासला, परत लावला. आणि खरंच, खालचं लोखंड दिसायला लागलं. आईने धुवून, कोरडं करून वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला.

पहिलं चाक झालं. ते नेमकं खिडकीसमोरचं होतं.

आई घामाघूम होऊन आत आली, तेव्हा बाबा रडत होते.

"विकलीस?"

चाक बघूनच त्यांना कळेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. ही गाडी त्यांनी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने चाकं अशीच लखलखीत करून ठेवली होती. बाबाच आम्हाला सांगायचे, वर्षभर न धुतलेली गाडी माणूस एकाच कारणासाठी धुतो.

"नाही हो. दसरा आलाय ना, म्हणून धुतली," आई म्हणाली.

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या दुपारी जेवले नाहीत. रात्री नाही. दुसऱ्या दिवशी आईने भरवायला घेतलेला पेजेचा चमचा त्यांनी डाव्या हाताने ढकलून दिला. मी किती समजावलं, ओरडलेसुद्धा. त्यांनी खिडकीकडे बघितलंच नाही. मला भयंकर भीती वाटली. हा माणूस आता असाच संपणार, असं वाटायला लागलं.

आईने ताट खाली ठेवलं आणि बाहेर गेली.

मोरीबाहेर टाकलेल्या त्याच काळ्या चिंध्या तिने उचलल्या. चाकासमोर उकिडवी बसली. जे काळं तिने आदल्या दिवशी खरवडून काढलं होतं, तेच परत चाकाला फासायला लागली. कुंडीतली माती पाण्यात कालवून वरून थापली. आख्खी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून बघत होती. तिने मान वर केली नाही.

मग आत येऊन बाबांचं डोकं स्वतःच्या हाताने खिडकीकडे वळवलं.

"बघा. आहे तिथेच आहे. धूत नाही मी."

बाबा खूप वेळ बघत राहिले.

"आपली," म्हणाले.

आईने त्याच काळ्या नखांच्या हाताने त्यांना पेज भरवली. ते जेवले.

रविवारी ते गृहस्थ आले. आईने त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. आणि सोमवारपासून बालवाडीत नोकरीला लागली.

दसरा बाबांनी बघितला नाही. त्याच्या आधीच गेले. पण खिडकीकडे तोंड करून गेले.

महिन्याभराने आईने परत बादली काढली. रॉकेल, सोडा, चिंच, सगळं तेच. तेच गृहस्थ गाडी न्यायला आले. गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "वहिनी, हे पुढचं एक चाक राहिलं वाटतं."

"राहू दे ते तसंच," आई म्हणाली.

गाडी गेटबाहेर वळली आणि आई खाटेवर, बाबांच्या जागी जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत उठली नाही.

आज तिला शेवटची आंघोळ घालताना मी तिचे हात हातात घेतले. नखं अगदी स्वच्छ होती. मला ते बघवेना.

जा आई. बाबांना भेटलीस की सांग, त्यांचं चाक तू धुतलं नाहीस.