वक्री शनीचा गवंडी

आकाशातल्या ग्रहाने चाल बदलली म्हणून केडगावातलं माझं बांधकाम बंद पाडणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामेभाऊ निघावा, याचा मला आजही संताप येतो. परका गवंडी असता तर त्याच दिवशी थापी-ओळंब्यासकट घरी पाठवला असता. पण सासुरवाडीच्या माणसाला हाकलायचं म्हणजे आपल्याच घरातला चहा बंद करून घ्यायचा. तेव्हा मी गप्प बसलो, म्हणजे फक्त रोज ओरडलो.

तसा गडी कामाला चोख. त्याने उचललेल्या भिंतीला ओळंबा लावून बघावा लागत नाही. पण तो पडला शनिशिंगणापूरचा. हल्ली पावसाळ्यात शनी वक्री होतो, उलटा चालू लागतो. तेव्हापासून दिवाळी उलटून तो सरळ होईपर्यंत हा नव्या कामाची एक वीट ठेवत नाही. बोलणं हळू, जेवणं हळू. मोटारसायकल तर अशी चालवतो की घोडेगावच्या बाजाराला निघालेल्या म्हशी त्याला मागे टाकतात. "हे कुठल्या पंचांगात लिहिलंय रे?" असं मी एकदा खेकसून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "दाजी, शनी म्हंजी सायेब हाय. सायेब दप्तर तपासाया बसला की नवी फाईल काढायची न्हाई, जुन्या नीट लावायच्या. ह्या दिवसांत आपलं काय काय चुकलं त्ये बघायचं."

आणि तो खरंच बघतो, हीच तर डोकेदुखी. पूर्वी बांधलेल्या घरांना एकेक करून भेट देतो, भिंतीला कान लावून ठोकून बघतो आणि घरमालकाला हात जोडून विचारतो, "काय चुकलं माझं?" कुणाच्या न्हाणीचा उतार उलटा असतो, कुणाची गच्ची गळत असते. हा ते फोडतो, नीट करतो आणि कपभर चहावर निघतो. जुनी गिऱ्हाईकं त्याच्यावर खूश, नवी माझ्यासारखी दातओठ खात बसलेली. सावेडीतलं एक घर मात्र मधल्या काळात विकलं गेलं होतं, त्याचा याला पत्ता नव्हता. ज्याच्या गावात घरांना दारंच नसायची, त्याला दार वाजवायची सवय कुठून असणार? हा सरळ आत शिरला आणि न्हाणीची भिंत ठोकू लागला. आत नवे घरमालक डोक्याला साबण लावून बसले होते. पोलीस येईपर्यंत हा त्यांना बाहेरून उताराचं समजावून सांगत होता. त्याला सोडवायला मी गेलो. माझं घर अर्धवट टाकलेल्या माणसाच्या चांगल्या वर्तणुकीची हमी द्यायलाही मीच!

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण आमची आई होती. शेजारच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो आणि तिचा एकच हट्ट होता, "औंदाची दिवाळी माझ्या घरात." तिची तब्येत उतरत चालली होती, आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. स्लॅब टाकून झाला होता, राहिला होता फक्त गिलावा आणि फरशी. मी त्याच्यापुढे ओरडलो, हात जोडले, बायको तर रडली. "शनी मार्गी होऊ द्या, दाजी," एवढं एकच त्याचं उत्तर. वर रोज संध्याकाळी माझ्याच अर्धवट घरात येऊन सिमेंटच्या गोणीवर विचार करत बसायचा! आई काठी टेकत तिथे जायची आणि त्याच्याशी गप्पा मारत बसायची. मला दोघांचाही राग यायचा. दिवाळी भाड्याच्या खोलीत झाली. शनी सरळ झाल्यावर पठ्ठ्याने जीव तोडून काम केलं, पण नव्या घरात आईचा फोटोच गेला.

पुढच्या पावसाळ्यात हा दारात हजर. हात जोडून तेच, "दाजी, काय चुकलं माझं?" या प्रश्नाचीच मी वाट बघत होतो. "तुझी भिंत सरळ आहे, उतार सरळ आहे," मी ओरडलो. "माझी आई दिवाळीला इथे हवी होती. ते कसं दुरुस्त करणार तू? सांग ना!" बायको आतून धावत आली. त्याने शनीचं नाव काढलं नाही. खाली मान घालून म्हणाला, "त्ये न्हाई व्हत दुरुस्त." मग डोळे पुसले, पिशवीतून छिन्नी काढली आणि दाराशेजारच्या भिंतीवर हात फिरवला. "मावशी म्हनल्या हुत्या, हितं कोनाडा ठिव, पनती वाऱ्यानं इझती. गिलाव्याच्या घाईत राहिला माझ्याकडून."

आई त्या गोणीशेजारी बसून काय बोलायची, ते मला तेव्हा कळलं. दिवसभर तो छिन्नी चालवत होता आणि मी आतल्या खोलीत ऐकत होतो. दिवाळीला त्या कोनाड्यात आम्ही पणती ठेवली.

म्हणून माझा राग गेला असं कुणी समजू नये. तो आहे. यंदा शनी पुन्हा वक्री झालाय. म्हशीच्या चालीने ती मोटारसायकल येईल आणि तो विचारेल, काय चुकलं माझं? खरं उत्तर मी एकदा देऊन बसलोय, आणि 'काही नाही' असं अजून म्हणवत नाही. बायकोला सांगून ठेवलंय, तो आला की चहा टाक आणि दोन खुर्च्या कोनाड्याजवळ मांड. आई आणि तो बसायचे, तसे आम्ही थोडा वेळ बसू.