आत्याबरोबर चांद्याच्या खाणीवर

"मले चांद्याले ने" असा आत्याचा निरोप आला तेव्हा मी नागपुरात बँकेत नोकरी करत होते आणि रजेची बोंब होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट; चंद्रपूरला जुनी माणसं तेव्हा चांदाच म्हणत. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नागभीडजवळच्या खेड्यात एकटी राहायची, सत्तरीला टेकलेली. तिने कधी कोणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. म्हणून साहेबांची मनधरणी केली, नवऱ्याला म्हटलं, "प्रकाश, घर सांभाळ," आणि निघाले.

चंद्रपूर-गडचिरोलीला जाणारे हल्ली थेट वाघाकडे धावतात. दिसला की फोटो, नाही दिसला की तक्रार. माझ्या प्रवासात वाघ नाही, आधीच सांगून ठेवते.

इतवारीहून नागभीडला तेव्हा छोटी गाडी जायची. अरुंद रूळ, लाकडी बाकं, तिकीट अगदी किरकोळ. आता ती गाडी नाही, तुम्ही आपले बसने जा. डिसेंबर होता. भिवापूरला मिरचीच्या वाळवणाचा ठसका थेट डब्यात आला आणि सगळा डबा एकसुरात शिंकला. पुढे धानाची शेतं कापून मोकळी झाली होती. रात्री आत्याने भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि जवसाची चटणी वाढली. चांद्याला काय काम आहे ते काही सांगितलं नाही. तोंड उघडायचं नसलं की आत्या पानाचा डबा उघडायची.

सकाळी चांदा फोर्टची गाडी धरली. तीही छोटीच. समोर लाकूड डेपोतला एक कारकून बसला होता. एटापल्लीकडे नोकरी, सुटीवरून परत चाललेला. गप्पिष्ट माणूस.

"आमच्या तिकडे अख्खा डोंगर लोखंडाचा हाय, बाई. वरून जंगल, आत लोखंड. खणतीन एक दिवस."

"खणतीनच," आत्या म्हणाली. "जमिनीत काही राहू देतेत का लोक?"

कारकून मूलला उतरला, तिथून त्याला बस होती. मग आत्याने पानाचा डबा बाजूला ठेवला आणि सांगायला लागली.

आत्याचा नवरा खाणीत वारला एवढंच आम्हा पोरांना माहीत होतं. ती स्वतः त्याच खाणीत उतरायची, हे मला त्या दिवशी कळलं. दोन महायुद्धांच्या मधला काळ. कोळशाच्या खाणीत तेव्हा नवरा-बायको जोडीनं काम करायचे. तो सब्बल, म्हणजे पहार, मारून कोळसा पाडायचा, ती टोपलीत भरून लोखंडी डब्यापर्यंत न्यायची. त्या डब्याला सगळे टब म्हणत. आत काळोख, हातातल्या ढिबरीच्या मिणमिणत्या उजेडापलीकडे काही दिसायचं नाही. टब भरला की नवऱ्याला हाक मारायची, पण मारायची कशी? बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हा नेम. "अहो" म्हटलं तर दहा जण वळायचे.

"मंग टबवर गोटा वाजवाचा," आत्या म्हणाली. "जोडीजोडीची येगळी खूण. आमची दोन, मंग थांबून एक. त्याईनं सब्बलनं तशीच परत वाजवाची. दिवसभर आमी असेच बोलत राहू."

ऐकून मला हसूच आलं. एवढी जिवावरची कामं करायची आणि नाव घ्यायला लाजायचं! पण तिचा चेहरा पाहून हसू गिळलं.

पुढे सरकारने बायकांना खाणीच्या पोटात उतरायची हळूहळू बंदी केली. कायदा चांगलाच होता, त्यामुळेच आत्या वाचली. ती वर टब रिकामे करायच्या कामावर आली. आणि एका सकाळी आत छत बसलं, मागोमाग आग लागली. आग पसरू नये म्हणून भिंत बांधून तो भागच बंद करायचं ठरलं. काही माणसं आत होती. भिंत घालण्याआधी, कोणी जिवंत असेल तर ओ देईल म्हणून, बायकांना खाणीच्या तोंडाशी नेऊन हाका मारायला सांगितलं.

"आया लेकाचं नाव घेऊन बोंबलत व्हत्या. दुसऱ्या बायकांनीबी लाज सोडली. मी नाई सोडली. मी टब वाजवला. दोन, मंग एक. वाजवतच राह्यली. आतून काही आलं नाई. मंग भित बांधली." ती खिडकीबाहेर बघत होती. "नाव घेतलं असतं त कोण जाने. अर्धी जिंदगी हेच डोक्यात हाय."

आता त्या बंद खाणीवरची माती काढून उघडी खाण सुरू झाली होती. तिच्या गावचा एकजण तिथे कामाला होता, त्याने सांगितलं की जुना भाग खणायला घेतलाय. त्याआधी तिला तिथे उभं राहून एकदा नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची होती. एवढंच काम. मला रडू आलं. आत्याने मला पान लावून दिलं.

चंद्रपूरला उतरलो तर हवेतच कोळसा. जटपुरा गेटजवळ तर्री-पोहे खाल्ले. इथली तर्री डोळ्यांतून पाणी काढते, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. तिथून ऑटो केला. भाडं त्याने तोंडाला येईल ते सांगितलं, आत्याने तिच्या तोंडाला येईल ते सांगितलं आणि मधे कुठेतरी जमलं. खाणीचं नाव लिहीत नाही, तुम्ही जाल तर आत सोडायचे नाहीतच. आम्हालाही सोडत नव्हते. पण माझ्या बँकेतल्या मैत्रिणीचा भाऊ तिथे ओव्हरमन होता, खाणीतल्या पाळीचा प्रमुख. रामटेके त्याचं नाव. आत निरोप पाठवला तसा तो फाटकावर आला.

"जयभीम मावशी. बारूद लावाच्या आधी मशिनी थांबते. तेवढ्यात पाहून घ्या."

तारेच्या कुंपणापाशी त्याने आम्हाला उभं केलं. खाली एक अख्खं गाव बसेल एवढा खड्डा. खालची भिंत काळी कुळकुळीत, आणि त्या काळ्यात चौकोनी भोकं, एकाशेजारी एक. कबुतरांच्या खुराड्यासारखी. मी रामटेकेला विचारलं, हे काय?

"जुन्या गल्ल्या. त्या टायमाच्या. आता उघड्या पडल्या."

आत्या बघत राहिली. "उजेडात असं दिसते काय हे," ती म्हणाली. मग रामटेकेकडे वळून, "आत मानसं राह्यली व्हती, भाऊ. हाडं सापडली त?"

"सापडली त मशीन थांबवतो, मावशी. सापडतीनच असं नाई सांगू शकत."

भोंगा झाला, यंत्रं थांबली. आत्याने पदर खोचला, कुंपणाची तार धरली.

"डोमाऽऽ!"

माझ्या आत्याच्या नवऱ्याचं नाव डोमा होतं, हे मला तेव्हा समजलं. ती पुन्हा ओरडली, "ओ डोमाजीऽऽ!" आवाज चिरका निघाला, तिचा वाटेचना. तिलाही तो ओळखू आला नसावा, कारण ती दचकून माझ्याकडे बघायला लागली. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं.

कुंपणाजवळ एक जुना टब ठेवला होता. साहेब लोकांनी त्यात माती भरून बोगनवेल लावली होती. आत्याने खालचा दगड उचलला आणि टबच्या काठावर मारला. दोन. थांबून एक. मग मान तिरकी करून ती ऐकत राहिली, आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे ऐकत राहिलो. रामटेकेने घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा कान दिला.

"त्याईनं माह्या तोंडून आपलं नाव कवाच आयकलं नाई," आत्या म्हणाली. "मी बोंबलली असती त त्याईले वाटलं असतं कोनी दुसरीच बाई हाय. हे वाजवलेलं त्याईले कळत व्हतं. मी बरोबरच हाक मारली व्हती."

तिने दगड टबवर ठेवला आणि हात झटकले. रामटेकेने घरी नेऊन चहा पाजला. परतीच्या गाडीत आत्या तोंड उघडं टाकून नागभीडपर्यंत झोपली. हाडांबद्दल रामटेकेकडून पुढे कधी निरोप आला नाही, आणि तिने विचारलंही नाही.

आज मी तिच्या त्या वेळच्या वयाची आहे. गाडीची शिटी, भिवापूरचा ठसका, तर्री, सगळं धूसर होत चाललंय. खाणीच्या अंधारात जोडीजोडीनं वाजणारे ते टब मात्र मी कधीच न ऐकलेले, आणि तेच स्पष्ट ऐकू येतात. नागभीडच्या फलाटावर मी निघताना आत्याने माझा हात धरून विचारलं होतं, "तू नवऱ्याले नावानं हाक मारते ना?"

"मारते."

"मार. पन एखादी खूणबी ठेव."

ठेवली आहे. कोणती, ते फक्त प्रकाशला माहीत आहे.