हातावरचं दही

मेहरूण भागातल्या रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली मी मॅडमची कोकोची रोपं सांभाळते. चॉकलेट त्याच्याच बियांपासून बनतं. मॅडम शास्त्रज्ञ आहेत. दाराला लिंबू-मिरची दिसली की हसत तोडून टाकायच्या. सकाळी आमच्या बोलीत खुशाली विचारायच्या, "अक्का, बठ्ठं बरं शे ना?" मला ते घरच्यासारखं वाटायचं.

कोकोच्या अभ्यासासाठी त्यांना परदेशातली फेलोशिप मिळाली. निघताना हातावर ठेवायला मी दही नेलं. त्यांनी हात मागे घेतला आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही नको अक्का. आईला देऊ द्या." मी विधवा आहे, हे इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच जाणवू दिलं.

आता तिकडून फोन येतो, "अक्का, रोपांना दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका."