कॅनडातून बदली

कॅनडाचा कायमचा रहिवासी झाल्याचा मेल आला तेव्हा मी कपडे मशीनमध्ये टाकत होतो. मेल वाचला, मशीन चालू केलं. आनंद-बिनंद काही नाही. इतकी वर्षं वाट बघून हे असं, म्हणून स्वतःचा राग तरी यायला हवा होता. तोही आला नाही. लातूरला आईला फोन लावला आणि सोपं करून सांगितलं, परमनंट झालो.

तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडं परमनंट होते ती नोकरी. आईनं गल्लीभर पेढे वाटले.

दिवाळीनंतर घरी आलो, तर भेटेल तो विचारायचा, मग बदली कधी? आधी मला कळेचना. मग ध्यानात आलं, ही बातमी आईनंच पसरवलेली. वडील जिल्हा परिषदेचे मास्तर. माझ्या लहानपणी ते तिकडं नायगावला आणि आम्ही इथं लातुरात. परमनंट झाल्यावर त्यांनी बदली मागितली, कधीतरी ती झाली, आणि घरी आले ते शेवटपर्यंत घरीच राहिले. आईच्या लेखी क्रम ठरलेला होता. आधी परमनंट, मग बदली, मग घर. वडील गेल्यापासून ती एकटीच आहे, आणि त्याच क्रमानं माझी वाट बघून राहिली होती.

एका दुपारी मेथी निवडता निवडता तिनं विषय काढला. अर्ज टाकला का, कुणाला भेटावं लागतं का, असं एकसारखं चालू झालं. माझं डोकंच सटकलं. एकदाचं बोलून टाकलं.

"आई, तिथून बदली होत नसते. आता मी तिकडंच."

"कायमचं?"

"हाव."

ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग मी पेढे कशाचे वाटले रे?"

रडली असती तर बरं झालं असतं. तिनं भाजी फोडणीला टाकली, भाकरी थापल्या. मी दोन खाल्ल्या. जरा वेळानं वाईट वाटेल म्हणून बसून राहिलो, तर नाहीच वाटलं.

दोन दिवसांनी शिरूर अनंतपाळचं एक जोडपं आलं. पोरीच्या क्लाससाठी त्यांना खोली हवी होती. आमच्या गल्लीत घरोघर क्लासची पोरं भाड्यानं राहतात. आमची वरची खोली तेवढी आईनं कुणाला दिली नव्हती, माझी म्हणून. आज ती स्वतः त्यांना वर घेऊन आली. मी आतच होतो, बॅग उघडी पडलेली. बाईनं माझ्याकडं बघून विचारलं, इथं कुणी राहतं का?

आई म्हणाली, "न्हाई. पाहुणा हाय. शनिवारी जाईल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा काळजात चर्र झालं. बॅगेची चेन लावून मी खाली आलो.