पाणी गोड निघालं, पण पडदा आमचा नव्हता

सुजाता गेल्याचं मला आमच्या प्रयोगशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. निपाणीत, राहत्या घरी, सकाळी चहा ठेवता ठेवता हार्ट अटॅक आला. सत्तेचाळीस वर्षांची होती. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, तिचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आमच्या जलप्रकल्पाचा आधारस्तंभ’. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागलेली. मी फोटो मोठा करून बघितला आणि डोक्यात तिडीकच गेली. तो आमच्या पाण्याच्या यंत्राच्या उद्घाटनाच्या दिवसाचा फोटो होता. त्यानंतर आठ दिवसांत याच लोकांनी या आधारस्तंभाला गेटाबाहेर काढलं होतं. अहो, निदान फोटो तरी दुसरा शोधायचा...

आम्ही दोघी बेळगावात एमएस्सीला असताना एका खोलीत राहायचो. मी खानापूरकडची, शेतकरी घरातली. ती निपाणीची. तिची आई विड्या वळायची आणि आईशेजारी बसून पानं कातरत हिनं शाळा केली. एकदा सुट्टीत ती आमच्या गावी आली, तेव्हा माझ्या काकूनं तिला वेगळ्या तांब्यातून पाणी दिलं. सुजातानं तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ‘पाणी गार हाय गं’ म्हणाली आणि प्यायली. मी मान खाली घातली. बोलले काहीच नाही. माझी ही सवय तेव्हापासूनची आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

पुढं एकाच प्रयोगशाळेत आम्हाला काम मिळालं. काम होतं खारं पाणी गोडं करण्याचं. जिवंत पेशीच्या भिंतीत पाण्यापुरती दारं असतात. ही दारं म्हणजे एक प्रकारची प्रथिनं. पाण्याचे कण त्यातून एकामागं एक, रेशनच्या रांगेत निघावेत तसे जातात आणि मीठ बाहेरच राहतं. ही प्रथिनं बॅक्टेरियात वाढवायची, अलगद काढायची, चरबीच्या बारीक फुग्यांत बसवायची आणि ते फुगे एका पातळ पडद्यावर, म्हणजे मेंब्रेनवर, पसरायचे. तसा पडदा साधला तर पाणी कमी दाबावर गाळलं जातं आणि वीज कमी लागते. सांगायला चार वाक्यं लागतात. सुजाताची त्यात नऊ वर्षं गेली. प्रथिन जरा तापलं की गेलं, पडदा वाळला की गेला. लग्नकार्याला बोलावलं तर ही अर्ध्या जेवणावरून उठायची, पडदे भिजत ठेवलेलं पाणी बदलायचं म्हणून. आम्ही चेष्टा करायचो, सुजाताचं बाळ पाण्यात झोपलंय म्हणून.

तळहाताएवढा पडदा तिनं करून दाखवला. फार सुंदर चालला. पण चिकोडीकडच्या एका गावात यंत्र बसवायचं ठरलं होतं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारट, की डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. त्यासाठी पडदा मोठा लागणार होता, आणि मोठ्या पडद्यातून कुठून ना कुठून मीठ झिरपत होतं. सुजातानं सहा महिने मागितले. सर म्हणाले, पाहुणे ठरलेत, मंडप ठरलाय. आणि मग बाजारात मिळतो तो साधा आरओचा पडदा आणून यंत्रात बसवला. वरच्या पाटीवर मात्र आमच्या प्रथिनाचं नाव!

उद्घाटन झालं. नळातून गोडं पाणी आलं, बायका पेले भरून प्यायल्या, टाळ्या वाजल्या. सरांनी कौतुकानं सुजाताच्या हातात माइक दिला. ती आधी कन्नडमध्ये बोलली, मग तेच मराठीत. “पाणी गोड हाय, प्या. पण ह्यातला पडदा आमचा न्हाय. बाजारातला हाय. ह्याला वीज लई लागंल, आणि बिल तुमच्यावर येईल. आमचा पडदा अजून झाला न्हाय.” कुणीतरी घाईनं सनई लावली.

त्याच आठवड्यात तिचं कंत्राट संपवलं. ‘प्रकल्पाच्या हिताविरुद्ध वर्तन’ असं कारण दिलं. प्रकल्पाचं हित म्हणे! लोकांना खोटं सांगणं हे हित, आणि खरं सांगणं हे वर्तन. त्यानंतर यंत्राचा चाचणी अहवाल निघाला. त्यात लिहिलं होतं, की चाचणी प्रथिनाच्या पडद्यावर घेतली आणि वीज कमी लागली. खाली दोन सह्या होत्या, एक सरांची आणि दुसरी माझी. नवऱ्याची नोकरी गेली होती, मुलगी दहावीत होती... कारणं खरी आहेत, पण सहीसुद्धा खरी आहे. आजही लोक मला विचारतात, अहो पाणी तर गोडच होतं ना, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की विजेचं बिल पंचायतीला झेपेना. वर्षाच्या आत यंत्राला कुलूप लागलं आणि बायका परत लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. आणि तो अहवाल दाखवून सरांना पुढचा प्रकल्प मिळाला.

सुजाता निपाणीला गेली आणि शिकवण्या घेऊ लागली. मी दोन-तीनदा भेटायला गेले. त्या सहीबद्दल ती कधी एका शब्दानं बोलली नाही. चहा द्यायची, मुलीची चौकशी करायची. मला वाटायचं, हिला अहवालाचं ठाऊक नसावं. हळूहळू माझंच जाणं कमी झालं.

बेळगावातल्या शोकसभेत सर म्हणाले, सुजाता मितभाषी होत्या. मितभाषी! आयुष्यात एकदाच माइक मिळाला आणि त्याची किंमत तिनं मरेपर्यंत मोजली. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. मी मध्येच उठले आणि बाहेर आले. तिथंही बोलले नाहीच.

जलदान विधीला निपाणीला गेले. माणसं पांगल्यावर तिच्या आईनं मला आतल्या खोलीत नेलं आणि कपाटातून एक खाकी पाकीट काढून दिलं. आत सरकारला लिहिलेला तक्रारअर्ज होता. सगळा तयार, तारखेची जागा तेवढी कोरी. सोबत तो चाचणी अहवाल, माहितीच्या अधिकारात मिळवलेला. म्हणजे तिला ठाऊक होतं. मला दिलेला चहा, माझ्या मुलीच्या चौकशा, सगळं ठाऊक असून चाललं होतं.

“लई वर्सं पडून हाय,” आई म्हणाल्या. “पोस्टात टाकून येऊ का, म्हणून मी किती येळा इचारलं. ती म्हणायची, नगं आई, ह्यात शुभाची सही हाय. तिची नोकरी जाईल.” मग माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, “शुभा म्हंजे तूच न्हवं?”

मी व्हय म्हटलं. त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला, तोच, ज्यातून आत्ताच स्वतः प्यायल्या होत्या.

मी तांब्या तोंडाला लावला, जेमतेम एक घोट घेतला आणि पाकीट पिशवीत घातलं.

काल मी त्या अर्जावर तारीख घातली. सुजाताच्या सहीखाली माझी सही केली आणि एक ओळ लिहिली, की अहवालावरची दुसरी सही माझी आहे आणि चाचणी बाजारातल्या पडद्यावर झाली, हे मी पाहिलेलं आहे. रजिस्टर पोस्टानं पाठवलाय. पोचपावती निपाणीच्या पत्त्यावर, आईंच्या नावानं येईल.