तव्याला हात लावायचा नाही

त्याचं खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं. एरवी सगळं गाव त्याला अर्धाइंच म्हणायचं. उंचीशी याचा काही संबंध नव्हता. माणूस दारातून वाकून यावा इतका उंच होता. नाव पडलं ते धंद्यावरून.

ज्यांनी जुन्या ट्रॅक्टरचा नांगर जवळून पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं, की त्याच्या प्रत्येक फाळापुढं एक गोल, धारदार पोलादी चकती असते. तिला तवा म्हणतात. तवा मोकळा फिरत पुढं जातो, जमीन आणि वरची धसकटं सुरीसारखी कापून ठेवतो, आणि मागून फाळ येऊन ती माती आयती उलटी करतो. म्हणजे काम तव्याचं आणि नाव फाळाचं, हे आपल्याकडच्या बऱ्याच घरांसारखंच. हा तवा फाळाच्या अगदी रेषेत लावून चालत नाही. न नांगरलेल्या बाजूला तो अर्धा इंच सरकलेला लागतो. कमी सरकला तर फाळ तासाची, म्हणजे नांगरानं पडलेल्या चरीची, भिंत ओरबाडतो, जास्त सरकला तर भिंतीला पायरी पडते.

हा अर्धा इंच त्याच्या डोक्यात असा बसला, की जगातल्या सगळ्या अडचणींवर तो तेच औषध सांगू लागला. न्हाव्याला म्हणायचा, भांग अर्धा इंच डावीकडे घे. चष्मेवाल्याला म्हणायचा, नंबर बरोबर आहे हो, काच अर्धा इंच पुढं न्या. बायको शिवणयंत्रावर बसली की मागं उभा राहून सुईकडे बघायचा. ती म्हणायची, "बोला तर खरं. कात्री इथंच आहे."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची कार्यशाळा होती. भिंतभर तवे टांगलेले: सपाट कडेचे, करवतीसारख्या दात्यांचे, झिजून बशीएवढे झालेले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नांगरांचे तवे आता कुठं मिळत नाहीत, म्हणून तो मोडीतून उचलून आणायचा आणि याचा तवा त्याला, त्याचा दांडा याला असं लावून द्यायचा. हातात कसब होतं, यात वाद नाही. वाद पुढं होता. त्याला थांबता यायचं नाही. नांगर छान लागला की तो दोन पावलं मागं जायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "आता पुढचा तवा मागं आणि मागचा पुढं लावून बघू या का?" त्यामुळे काम झालं की त्याच क्षणी नांगर ओढून पळायचं, हे गावातल्या शहाण्या माणसांना ठाऊक होतं. चहाला थांबलेला माणूस भलतंच काहीतरी जोडून घरी जायचा.

त्याला एक ताई होती. ताईनं उभा जन्म बस चालवण्यात घालवला होता. निवृत्त झाली तरी समोर बघत मागच्या माणसाला झापायची कला तिच्या अंगात तशीच राहिली होती. वडील जाताना मागं एक ट्रॅक्टर, दोन फाळांचा नांगर आणि ही दोन मुलं ठेवून गेले. ट्रॅक्टर ताईपेक्षा लहान आणि अर्धाइंचपेक्षा मोठा. हिशेबानं मधलं भावंड, आणि वडिलांचं सर्वांत लाडकं. पोरांना ते कधी "दमलास का रे" म्हणाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. ट्रॅक्टरला रोज म्हणायचे.

शेत राहिलं नव्हतं, तरी ट्रॅक्टर-नांगर दोघांनी जपला होता, कारण वर्षातून एकदा गावाबाहेर जुन्या ट्रॅक्टरांची नांगरणीची शर्यत भरायची. इथं वेगाला किंमत नव्हती. प्रत्येकाला जमिनीची एक पट्टी मिळायची आणि ती ठराविक वेळात नांगरायची. तास सरळ हवा, भिंत साफ हवी, धसकटं मातीखाली गाडली गेलेली हवीत. बक्षीस म्हणजे एक पितळी ढाल, तीही पुढच्या वर्षी घासूनपुसून परत करायची. ताई चालवायची आणि अर्धाइंच पाना घेऊन नांगरामागून तासातून चालायचा. वर्षभर तो लोकांचे नांगर शेडमध्ये मुकाट उभे असलेलेच बघायचा. चालत्या नांगराचा तवा धसकटं कापत जाताना चर्र आवाज होतो, तो ऐकायला मिळायचा या एकाच दिवशी. त्या दिवसासाठी तो नवे मोजे घालायचा.

आणि दरवर्षी दोघं शेवटून पहिले यायचे. कारण दर थोड्या वेळानं मागून हाक यायची, "ताई, जरा थांब!"

यंदा ताई शर्यतीच्या आदल्या आठवड्यात शेडमध्ये आली ती एकटी नाही. बरोबर कोपऱ्यावरचा वेल्डर होता. हा इसम अर्धाइंचच्या नेमका उलटा. मोडलेलं असेल तेवढंच जोडायचा, हात पुसायचा आणि निघून जायचा.

"हे बघ," ताई म्हणाली, "मला यंदा एकदा तरी वेळेत पट्टी संपवायचीय. गुडघे बोलायला लागलेत माझे. अजून किती वर्षं त्या सीटवर चढणार मी? चाचणीचा तास मारून झाला की तव्याला हात लावायचा नाही. लावलास, तर पुढच्या वर्षीपासून नांगरामागं हे चालतील."

"हे?" अर्धाइंचनं वेल्डरकडं असं बघितलं, जसं सासूनं पाहुण्यांच्या बुटांकडं बघावं. "यांना तवा डावा की उजवा हे तरी कळतं का?"

"मला कळायची गरज नाही," वेल्डर शांतपणे म्हणाला. "मी हात लावत नाही."

"बघ!" ताई म्हणाली. "किती गुणी माणूस आहे!"

शर्यतीच्या दिवशी सकाळी अर्धाइंचनं दोन्ही तवे लावले, आणि देवाशप्पथ, असे त्यानं आयुष्यात लावले नव्हते. ताईनं चाचणीचा तास मारला. भिंत चाकूनं लोणी कापल्यासारखी. धसकटं अशी गाडली गेली की जणू पीक कधी आलंच नव्हतं. ताई खूश होऊन खाली उतरली आणि परीक्षकांना "तयार आहोत" सांगायला पुढं गेली.

तेवढ्या अवधीत अर्धाइंच दोन पावलं मागं गेला. मान तिरकी झाली. मागचा तवा पुढच्यापेक्षा थोडा झिजलेला होता, म्हणजे लहान होता, म्हणजे तो दांड्यावर केसभर खाली घेतला तर? फक्त बघायला काय हरकत आहे? पाना दांडा धरून ठेवणाऱ्या पकडीच्या नटावर कधी बसला आणि नट कधी सैल झाला, हे त्याच्या हाताला माहीत. त्याला माहीत नव्हतं.

"हात काढ!" ताईचा आवाज आला. बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज.

त्यानं हात काढला. ताबडतोब काढला, खिशात घातला. नट सैलच राहिला.

"लावलास?"

"छे! धूळ झटकत होतो."

बाजूला उभ्या वेल्डरनं त्याच्याकडं पाहिलं, नटाकडं पाहिलं, आणि आपल्या स्वभावानुसार हात मागं बांधून घेतले.

आता आली का पंचाईत! नट घट्ट करायला दोन क्षण पुरले असते. पण सैल करायला लावलेला हात हा गुन्हा, आणि घट्ट करायला लावलेला हात म्हणजे त्याच गुन्ह्याचा पुरावा. ताई एव्हाना सीटवर चढली होती. ट्रॅक्टरला तिनं बसचा एक जुना आरसा बसवून घेतला होता, आणि त्यात भावाचं मुंडकं बरोबर मधोमध दिसत होतं. शिट्टी वाजली. नांगर जमिनीत उतरला.

पहिला तास ठीक गेला. तव्याचा तो चर्र आवाज सुरू होता, पण अर्धाइंचच्या कानाला त्या आवाजाआडची एक बारीक खडखड ऐकू येत होती. दुसऱ्या तासाला नट त्याच्या डोळ्यांदेखत हलला. त्यानं मनातल्या मनात त्या नटाच्या हातापाया पडून घेतलं. नटाला हातपाय नव्हते, पण अडला हरी!

"ताई," तो ओरडला, "पाणी पितेस का?"

"आत्ता?"

"दमली असशील!"

ताईनं आरशात पाहिलं. साठ वर्षांत भावानं तिला असं काही विचारलेलं नव्हतं. "बरं आहे ना तुला?"

"मस्त आहे!"

तिसऱ्या तासाला त्याला एक कायदेशीर वाट सुचली. बंदी हाताला होती, पायाला कुणी काही म्हटलं नव्हतं. चालत्या नांगराबरोबर एका पायावर उड्या मारत त्यानं दुसऱ्या पायानं पाना नटावर अडकवून दाबायचा प्रयत्न केला.

"अरे, लंगडी काय घालतोयस?" समोर बघत ताई गरजली.

"खडा गेलाय बुटात!"

बांधावरची माणसं आपापल्या माणसाचा नांगर बघायचं सोडून हा खेळ बघायला सरकली. लंगडीचा उपयोग झाला, पण उलटा. पाना निसटला, नटाला आणखी अर्धा फेरा सुटला, दांडा पकडीत गर्रकन फिरला आणि मागचा तवा आडवा झाला. आडवा तवा कापत नाही. तो जमिनीवर अडून बसतो. नांगर मागून वर उचलला गेला आणि सरळ सुताच्या रेषेत चाललेला तास असा वळला, जसा उधारी वसूल करायला आलेला माणूस बघून एखादा गल्लीत वळतो.

ट्रॅक्टर थांबला. ताई उतरली. गुडघे धरत, पण उतरली.

"तव्याला काय झालं?"

"फिरला."

"आपोआप?"

"थोडासा आपोआप."

"हात कधी लावलास?"

"तू 'हात काढ' म्हणालीस ना, त्याच्या जरासा आधी."

"म्हणजे मी ओरडले म्हणून नट सैल राहिला?"

"मी तसं म्हणणार नव्हतो, पण आता तूच म्हणतेयस तर..."

"गाढवा! मग पहिल्याच तासाला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू याला लावला असतास ना नांगरामागं!" त्यानं बांधावरच्या वेल्डरकडं पाना रोखला. आवाज भलताच चिरकला. "मग मी काय करू? बांधावर उभा राहून टाळ्या वाजवू?"

ताईनं त्याच्याकडं पाहिलं. नव्या मोज्यांवर गुडघ्यापर्यंत माती चढली होती. तिनं दोन्ही हातांनी तवा धरला. "पाना घे. बघत काय बसलायस? वेळ चाललाय."

दोघं मातीत बसली. ताईनं तवा सरळ केला, भावानं नट आवळायला घेतला.

"थांब," ताई म्हणाली, "जास्त बाहेर गेलाय."

"अर्धा इंच आहे."

"पाऊण आहे. तीस वर्षं बस फूटपाथला लावलीय मी, मला अंतर शिकवू नकोस."

"बस वेगळी, तवा वेगळा."

"आत घे म्हणते ना! हां. नाही, जास्त झालं. थोडा बाहेर."

"तेच म्हणत होतो मी!"

"तू म्हणत होतास ते वेगळं होतं. आणि हा केसभर खाली का नाही घेतलास? झिजलाय ना मागचा?"

अर्धाइंचनं पाना खाली ठेवला. "ताई, मी तेच करत होतो! तू 'हात काढ' म्हणालीस तेव्हा!"

"मग नीट सांगायचं ना!"

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा बहीण-भाऊ नाकाला नाक लावून मोजपट्टीवरच्या एका रेघेवर भांडत होते. परीक्षक आले, त्या वळलेल्या तासाकडं त्यांनी श्रद्धांजली वाहिल्यासारखं पाहिलं आणि काही न लिहिता पुढं गेले. ताईला मात्र आता राहवेना. शर्यत संपल्यावर तिनं सीटवर चढून उरलेल्या पट्टीत एक तास मारलाच. अप्रतिम तास. बघायला कुणी नव्हतं, कारण सगळे ढाल कुणाला मिळते ते बघायला गेले होते.

फक्त वेल्डर थांबला होता. तो जवळ आला.

"ताई, पुढच्या वर्षीचं म्हणत होतात..."

"हो, तुम्ही..."

"नाही जमायचं. मला माझ्या मेव्हण्याच्या नांगरामागं जावं लागेल."

"तुमच्या मेव्हण्याकडं नांगर आहे?"

"घेणार आहे," वेल्डर म्हणाला. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे त्याला ते खोटं पेलवलं नाही. "खरं सांगू? मोडलेलं मी जोडतो. तुमचं हे जे काही चाललंय ते मोडलेलं नाहीये. त्यात तिसऱ्यानं पडू नये." त्यानं हात पुसले आणि निघून गेला.

ताई बराच वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिली. "गुणी माणूस होता," ती म्हणाली. "जाऊ दे. आता तूच आहेस. नशीब माझं!"

अर्धाइंचनं हे वाक्य मानपत्रासारखं ऐकून घेतलं. नट आणखी एकदा आवळला, नांगर उचलून अडकवला, आणि परतीच्या रस्त्यावर तो ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर राजासारखा बसला. गावाची वेस दिसेपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही, ही त्याची त्या दिवसाची सर्वांत मोठी कामगिरी.

"ताई," मग तो म्हणाला, "माझ्याकडं दात्यांचा एक तवा आहे. तो पुढं लावला, आणि पुढचा मागं..."

ताईनं भर रस्त्यात ब्रेक मारला. "उतर."

"अगं पण..."

"उतर. चालत ये."

तो उतरला. ट्रॅक्टर पुढं निघाला, आणि उचललेल्या नांगराचे दोन्ही तवे उन्हात चमकत हळूहळू फिरू लागले. त्यांच्यामागून लांब ढांगा टाकत अर्धाइंच चालू लागला, मान तिरकी करून. मागचा तवा जरासा डोलत होता का? इथून सगळं अगदी छान दिसत होतं.